रेकॉर्डसारखं समाधान देणारा सीडी प्लेअर कसा निवडावा: कोकणातल्या घरासाठी

आमच्या देवगडच्या घरात वडिलांचा टर्नटेबल होता आणि शंभरेक रेकॉर्ड. नाट्यसंगीत, ख्याल, अभंग, थोडी जुनी हिंदी गाणी. पावसाळ्यात रेकॉर्डच्या कव्हरांवर पांढरी बुरशी धरायची आणि श्रावणात उघडीप मिळाली की आई एकेक कव्हर पडवीत सावलीला, वाऱ्यावर उभं करून ठेवायची. वडील गेल्यानंतर काही वर्षांनी टर्नटेबलची सुई झिजली. तशी सुई मिळेना, म्हणून मी त्याच गाण्यांच्या सीडी जमवायला लागलो. प्लेअर आणला, जोडला, आणि पहिल्याच संध्याकाळी मन खट्टू झालं. गळा बारीक वाटत होता, तंबोरा टोचत होता, अर्ध्या तासात कान थकले.

पुढच्या तीन वर्षांत मी आणखी तीन प्लेअर घेतले. त्यातला एक जळला, एक परत दिला, तिसरा आज घरात आहे. त्याच सीडी आता रात्री जेवणं झाल्यावर लावतो तेव्हा तासभर उठावंसं वाटत नाही. मधल्या काळात जे कळलं ते क्रमाने लिहितो आहे, म्हणजे तुमचे पैसे आणि तीन वर्षं वाचतील.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. रेकॉर्डचं समाधान म्हणतो त्यातला मोठा वाटा डिस्कच्या मास्टरिंगचा, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणातून डिस्कसाठी शेवटची प्रत कशी तयार केली त्याचा असतो, त्यानंतर खोलीचा आणि स्पीकरचा, मग आवाज किती ठेवला त्याचा. प्लेअरचा नंबर या सगळ्यानंतर लागतो. पैसे आणि कष्ट याच क्रमाने घाला. प्लेअर निवडताना तो आपल्या खाऱ्या, दमट हवेत टिकेल का आणि बिघडला तर कोण दुरुस्त करेल, हे आवाजाच्या बरोबरीने बघा.

जवळ काय हवं

वस्तू: मायक्रोफायबरचं मऊ कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या, साधा मल्टिमीटर, बारीक स्क्रूड्रायव्हर, ओल शोषून रंग बदलणारं सिलिका जेल, बऱ्यापैकी आरसीए केबल (प्लेअर ॲम्प्लिफायरला जोडणारी, बहुधा लाल-पांढऱ्या टोकांची), आणि स्वतःच्या ओळखीच्या तीन डिस्क. तीनपैकी एक ७० मिनिटांपेक्षा मोठी असावी, एक थोडी ओरखडलेली, आणि एक अशी की जिची रेकॉर्ड तुम्ही वर्षानुवर्षं ऐकली आहे.

कागद: नवा घेत असाल तर जीएसटीचं बिल, दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड, जवळच्या सर्व्हिस सेंटरचा पत्ता. जुना घेत असाल तर विकणाऱ्याचा नंबर, मागच्या प्लेटचा फोटो, आणि मिळालं तर मॅन्युअल. मूळ खोका आणि थर्माकोल मिळत असेल तर जरूर घ्या, माळ्यावर ठेवा. दुरुस्तीला पाठवायची वेळ आली की त्याची किंमत कळते.

१. रेकॉर्डमधलं नेमकं काय आवडतं ते ठरवा

"रेकॉर्डचा आवाज उबदार" एवढ्यावर थांबलात तर दुकानदार कुठलाही प्लेअर उबदार म्हणून गळ्यात मारेल. कागद घ्या आणि लिहा: कुठला आवाज टोचतो, किती मिनिटांनी कान थकतात, काय कमी वाटतं.

रेकॉर्डमध्ये काय घडतं ते माहीत असलं की हे लिहिणं सोपं जातं. सुई खोबणीतून नीट जावी म्हणून रेकॉर्ड कापतानाच खर्जाचे सूर डाव्या-उजव्या बाजूला फार पसरू देत नाहीत, मधोमध ठेवतात. अति तीव्र सूर आवरून धरतात. डावा आणि उजवा आवाज एकमेकांत थोडा झिरपतो: चांगल्या कार्ट्रिजमध्येही (सुई बसवलेल्या भागात) दोन्ही बाजूंतलं अंतर साधारण २५ ते ३० डेसिबल असतं, सीडीवर ते ९० च्या आसपास जातं. सुईमुळे आवाजात थोडे वरचे सूर मिसळतात, आणि ते मूळ सुराशी जुळणारे असल्यामुळे कानाला भरीव वाटतात. शिवाय खरखरीचा एक पातळ थर सतत मागे असतोच.

सीडीमध्ये यातलं काहीच नाही. आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून १६ बिटच्या आकड्यांत लिहिलेला असतो, आणि सगळ्यात हळू ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलची झेप मिळते. डिस्कवर जे आहे ते जसंच्या तसं बाहेर येतं, चांगलं असो की वाईट. रेकॉर्ड वाईट ध्वनिमुद्रणालाही जरा सांभाळून घेते, सीडी घेत नाही. मला कळलेला पहिला धडा हाच.

एका बाबतीत सीडी रेकॉर्डच्या पुढे आहे. रेकॉर्डची बाजू संपत येते, सुई लेबलजवळ पोहोचते, तेव्हा आवाज फाटायला लागतो, कारण आतल्या वर्तुळात खोबण कमी वेगाने सरकते. ख्यालाच्या शेवटच्या द्रुत ताना नेमक्या तिथेच असायच्या. सीडीवर त्या पहिल्यांदा स्वच्छ ऐकल्या तेव्हा मी त्या तीनदा लावल्या.

२. आधी डिस्क तपासा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घाला. माझ्याकडे एकाच ध्वनिमुद्रणाच्या दोन सीडी आहेत, एक पहिल्या खेपेची आणि एक नंतर "सुधारून" काढलेली. एकाच प्लेअरवर लावल्या तर पहिली रेकॉर्डच्या जवळ जाते आणि दुसरी दहा मिनिटांत बंद करावीशी वाटते. तीन प्लेअर बदलून जेवढा फरक मला ऐकू आला, त्याच्या कितीतरी पट फरक या दोन डिस्कमध्ये आहे.

नव्वदच्या दशकापासून सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात भरायची चढाओढ लागली. हळू आवाज वर ओढायचा, मोठा आवाज वरून छाटायचा, म्हणजे सगळं एकाच उंचीला येतं. हे डोळ्यांनीही दिसतं. सीडी संगणकावर उतरवा आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडा. चांगल्या मास्टरिंगची आकृती माडाच्या झावळीसारखी कमीजास्त, टोकदार दिसते. दाबून भरलेली आकृती जांभ्याच्या चिऱ्यासारखी, वरून-खालून सपाट ठोकळा. ठोकळा दिसला की त्या डिस्कसाठी प्लेअर बदलण्यात अर्थ नाही. दुसरी आवृत्ती शोधा.

आपल्याकडच्या डिस्कमध्ये आणखी काही सापळे आहेत.

जुन्या हिंदी गाण्यांच्या "झंकार बीट्स" आवृत्त्या. मूळ गाण्यावर नवा ठेका चढवलेला असतो. कव्हरवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय घेऊ नका.

एकाच स्पीकरसाठी केलेलं जुनं ध्वनिमुद्रण ओढूनताणून स्टिरिओ केलेलं. गायक समोर बसल्यासारखा वाटायच्या ऐवजी खोलीभर धुकं पसरल्यासारखा येतो.

खरखर काढून टाकलेल्या डिस्क. हा सापळा शास्त्रीय संगीतात फार वाईट. जुन्या टेपची सळसळ आणि तंबोऱ्याच्या जवारीतले वरचे सूर एकाच पट्ट्यात असतात. सळसळ पुसताना जवारीही पुसली जाते. मागे तंबोरा आहे हे कळतं, पण त्याचा झणत्कार मरतो, आणि तोच गेला की गाणं कोरडं पडतं. थोडी सळसळ असलेली डिस्क बिनधास्त घ्या.

आणि बसस्टँडवर, जत्रेत मिळणाऱ्या "एका सीडीत शंभर गाणी". त्या एमपी३ असतात. बऱ्याच जुन्या ऑडिओ प्लेअरवर त्या चालत नाहीत, आणि चालल्या तरी आवाज आवळलेला असतो. डिस्कवर "कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ" अशी खूण आहे का बघा. भजनी मंडळांनी, दशावतारी कंपन्यांनी घरगुती भरलेल्या सीडी-आर याहून वेगळ्या. त्या मोलाच्या असतात, दुसरीकडे मिळतही नाहीत. पण त्यांचा रंगद्रव्याचा थर उन्हाने आणि उष्णतेने उडतो. हाती आल्या की त्याच दिवशी संगणकावर उतरवून ठेवा.

३. खोली बघा

माझा पहिला प्लेअर मी नव्या बांधकामातल्या हॉलमध्ये ठेवला होता. स्लॅबचं छत, गुळगुळीत फरशी, काचेच्या खिडक्या, एक टीपॉय. वडिलांचा टर्नटेबल मात्र माजघरात होता: वर कौलं, लाकडी वासे, गोधड्यांची उतरंड, धान्याची पोती. दोन्हीची तुलना करून मी सीडीला दोष देत होतो. नंतर एकदा हॉलला रंग देताना प्लेअर आणि स्पीकर माजघरात हलवले, आणि त्या रात्री ऐकलं तेव्हा निम्मा टोचरेपणा गेला होता. मशीन तेच, डिस्क तीच.

म्हणून खरेदीच्या आधी हे करा. स्पीकर आणि तुमची बैठक यांच्यामधल्या फरशीवर जाड सतरंजी किंवा दुमडलेली गोधडी टाका. स्पीकर भिंतीपासून हात-दीड हात पुढे काढा, कोपऱ्यात कोंबू नका. स्पीकरचं वरचं छोटं तोंड बसल्यावर कानाच्या उंचीला येऊ द्या. दोन स्पीकर आणि तुम्ही मिळून साधारण समभुज त्रिकोण व्हावा. टाळी वाजवून बघा: टाळीनंतर झिणझिण राहत असेल तर आणखी कापड हवं, पुस्तकांचं कपाट असेल तर फारच उत्तम.

सगळी रक्कम एकदम खर्च करायची असेल तर निम्म्याहून जास्त स्पीकरवर घाला.

४. नवा घ्यायचा की जुना

माझं मत स्पष्ट आहे. पहिला प्लेअर घेत असाल आणि घरापासून तास-दीड तासावर सीडीचं काम करणारा माणूस नसेल, तर नवा घ्या. मरांट्झ सीडी ६००७, डेनॉन डीसीडी-६००एनई, यामाहा सीडी-एस३०३ या वर्गातले प्लेअर कुठल्याही घरगुती सिस्टिमला पुरे आहेत. मरांट्झच्या या मॉडेलमध्ये दोन डिजिटल फिल्टर (आकड्यांचा आवाज होताना नको ते तीव्र सूर गाळणारे) निवडता येतात, त्याचा उपयोग पुढे सातव्या पायरीत येईल.

जुन्यांमध्ये ऐंशीच्या दशकातले फिलिप्सचे आणि त्यांच्या भागांवर बनलेले प्लेअर लोक शोधत असतात. त्यामागे एक गोष्ट आहे. १९८२ च्या ऑक्टोबरमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ जपानात विक्रीला आला. सीडीचं मानक १६ बिटचं ठरलं होतं, पण आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटची तयार होती. मग त्यांनी नमुने चौपट करून, म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग करून, त्याच चिपमधून १६ बिटच्या तोडीचं काम काढून घेतलं. नंतर टीडीए १५४१ ही १६ बिटची चिप आली. तिचा भरीव आवाज आजही नावाजला जातो, आणि मी ऐकला आहे, छान आहे. पण त्या यंत्रांची लेन्स आणि गिअर आता सहज मिळत नाहीत. आवाजावर भाळून ते घेणाऱ्याने सुट्या भागांसाठी दुसरं एक मेलेलं मशीन बरोबरच घ्यावं.

डीव्हीडी प्लेअर घरात पडून असेल तर तो फेकू नका. बहुतेक डीव्हीडी प्लेअर सीडी वाचतात आणि अनेकांच्या मागे कोअक्सियल डिजिटल आउटपुट असतं, म्हणजे आवाजाचे आकडे तारेतून तसेच बाहेर देणारी जागा. त्याला वेगळा डॅक (आकड्यांचा आवाज करणारा डबा) जोडला की सुरुवातीला तेवढंही चालतं.

५. मागची प्लेट वाचा

ही पायरी वगळल्यामुळे माझा एक प्लेअर जळला. जुन्या वस्तू विकणाऱ्या एकाकडून फोटो बघून जपानी प्लेअर मागवला. देखणा, जड, आतून स्वच्छ. आला त्या दिवशी उत्साहात पिन घातली, आणि वीस सेकंदांत जळक्या वार्निशचा वास. मागच्या प्लेटवर बारीक अक्षरात १०० व्होल्ट लिहिलेलं होतं. जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. विकणाऱ्याने सांगितलं नाही, आणि मी प्लेट वाचली नाही.

फोटोत मागची प्लेट मागून घ्या. २२०, २३० किंवा २४० लिहिलेलं असेल तरच सरळ लावा. १०० किंवा १२० असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याचा खर्च आणि जागा आधीच हिशेबात धरा.

त्याच प्लेटवर आउटपुट बघा. आरसीएची जोडी असतेच. कोअक्सियल किंवा ऑप्टिकल डिजिटल आउटपुट असेल तर ते मोठं बळ आहे: उद्या आतली चिप आवडली नाही किंवा बिघडली, तर बाहेरून डॅक जोडता येतो आणि मशीनचा फक्त वाचक म्हणून वापर चालू राहतो. गावात अर्थिंग धड नसेल आणि स्पीकरमधून घुमल्यासारखा आवाज येत असेल तर ऑप्टिकल केबल घ्या. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे त्या वाटेने घूंघूं येत नाही.

६. जुना प्लेअर हातात घेऊन तपासा

गणपतीला येणारे चाकरमानी मुंबईहून प्लेअर आणून देतात, ही आपल्याकडची नेहमीची वाट. आणणाऱ्याला दोन गोष्टी सांगून ठेवा. लक्झरीच्या डिकीत टाकू नको, रेल्वेने सीटखाली किंवा मांडीवर आण. आणि दुसरी: बऱ्याच जुन्या प्लेअरच्या खालच्या बाजूला वाहतुकीचा स्क्रू असतो, बहुधा लाल रंगाचा किंवा लाल खूण केलेला. प्रवासात तो आवळायचा, म्हणजे आतली यंत्रणा हलत नाही. घरी आल्यावर तो सैल करायचा किंवा काढायचा. आवळलेलाच राहिला तर डिस्क वाचली जात नाही आणि लोक लेन्स गेली म्हणून मशीन भंगारात घालतात. काढलेला स्क्रू चिकटपट्टीने मागच्या बाजूलाच चिकटवून ठेवा.

आता तपासणी. डिस्क घाला आणि मनात आकडे मोजा. दहाच्या आत गाण्यांची संख्या दिसायला हवी. जास्त वेळ लागला, किंवा आत करकर करून पुन्हा पुन्हा प्रयत्न झाला, तर लेन्स मळलेली आहे किंवा लेझर थकला आहे.

मग ७० मिनिटांच्या डिस्कचं शेवटचं गाणं लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, रेकॉर्डच्या उलट. फिरण्याचा वेगही सुरुवातीला मिनिटाला ५०० च्या आसपास असतो आणि कडेपर्यंत २०० वर येतो. कडेचं गाणं न अडखळता वाजलं तर रूळ आणि गिअर ठीक आहेत असं समजा. आता ओरखडलेली डिस्क. साध्या ओरखड्यांवर अडखळता कामा नये, कारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटलेला भाग भरून काढण्याची सोय सीडीच्या सांकेतिक रचनेतच आहे.

शेवटी गाणं थांबवून कान मशीनजवळ न्या. मंद सरसर चालेल. खरवडल्यासारखा आवाज चालणार नाही.

ट्रे उघडत नाही, अर्धवट येऊन परत जातो, ही तक्रार असेल तर घाबरू नका. माझा आत्ताचा प्लेअर याच कारणाने स्वस्तात मिळाला. कणकवलीच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने झाकण काढलं, बोटाने रबरी पट्टा ताणून बघितला आणि म्हणाला, "काका, मशीन बरा आसा. पट्टो सैल झालो हा." नवा पट्टा घातला, सुकून घट्ट झालेलं वंगण अल्कोहोलने पुसलं, रुळावर नवं लावलं, अर्ध्या तासात काम झालं. लेन्स त्याने कशी पुसली तेही लक्षात ठेवा: काडी अल्कोहोलमध्ये बुडवून झटकली, इतकी की थेंब सुटता कामा नये, आणि काडीच्या वजनाएवढाही दाब न देता मधून बाहेर एकदा फिरवली. लेन्स तारांवर तरंगत असते, दाबली की वाकते. प्लेअर चालू असताना लेझरकडे कधीही बघू नका.

७. चिप, फिल्टर आणि ट्यूब

जाहिराती सगळ्यात जास्त याच विषयावर असतात, आणि आधीच्या पायऱ्या झाल्या असतील तर फरक सगळ्यात कमी इथेच पडतो. तरी थोडं समजून घ्या.

डॅक म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग. नव्या चिपा इतक्या अचूक आहेत की दोन चांगल्या प्लेअरमधला फरक डोळे मिटून ओळखणं कठीण. फिल्टर निवडता येत असेल तर दोन्ही ऐका, फरक बारीक असतो, पण तंबोरा आणि झांजांमध्ये कधी कधी लागतो.

काही डॅक ओव्हरसॅम्पलिंग मुद्दाम करत नाहीत. त्यांच्यात वरचे सूर आपोआप उतरतात: १० हजार हर्ट्झला पाऊण डेसिबल, २० हजारला सुमारे तीन. रेकॉर्डचा मऊपणा हवा असणाऱ्यांना हे आवडतं, आणि त्यामागे जादू नाही, हा सरळ टोन कंट्रोल आहे. तुमच्या ॲम्प्लिफायरवर ट्रेबलचं बटण असेल तर ते आधी एक खूण खाली करून बघा. पुष्कळदा तेवढ्याने काम होतं आणि पैसे वाचतात.

जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या ट्यूब लावलेल्या आउटपुटमुळे जुळणारे वरचे सूर मिसळतात, आवाज भरतो. ऐकायला मला आवडतं. पण आपल्याकडच्या व्होल्टेजच्या चढउतारात आणि दमटपणात ट्यूब सांभाळणं हे वेगळं काम आहे. नवख्याने त्यात पडू नये.

८. जोडणी

ॲम्प्लिफायरवर "फोनो" लिहिलेल्या जागी सीडी कधीही जोडू नका. कार्ट्रिजमधून जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट, म्हणजे चारशे पट. शिवाय फोनोच्या जागी खर्ज फुगवणारं आणि तीव्र सूर उतरवणारं सर्किट असतं. आवाज फाटेल, बदबद करेल, नशीब वाईट असेल तर स्पीकर जाईल. "सीडी" किंवा "ऑक्स" मध्ये जोडा.

२ व्होल्टमुळेच व्हॉल्यूमचं बटण थोडं फिरवलं की आवाज एकदम मोठा होतो. रेकॉर्डच्या सवयीने घड्याळातल्या नऊच्या जागी ठेवायला जाल तर सीडी ओरडेल. सात-आठवर सुरू करा.

९. तुलना नीट करा

मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. म्हणून तुलनेआधी दोन्हींची पातळी एक करा. फोनवर डेसिबल मोजणारं ॲप घ्या, फोन बैठकीच्या जागी ठेवा, गाण्याचा तोच तुकडा आधी रेकॉर्डवर, मग सीडीवर लावा, आणि आकडा जुळेपर्यंत बटण फिरवा. घरातल्या कुणाला तरी बदल करायला सांगा आणि तुम्ही डोळे मिटून बसा.

ऐकायचं काय? तंबोऱ्याची जवारी: तार छेडल्यावर सूर उमलत जातो की नुसता "चिंन्" होऊन संपतो. डग्ग्याची मींड: मनगट सरकतं तसा घुमार वर चढताना दिसला पाहिजे. गायकाचा "स" आणि "श": टोचतो की नुसता उमटतो. हार्मोनियमचा भाता: चांगल्या डिस्कवर त्याचा श्वास ऐकू येतो.

दुकानात पाच मिनिटं ऐकून ठरवू नका. पहिल्या पाच मिनिटांत झगझगीत आवाज जिंकतो, आणि तोच तासाभराने नको होतो. शक्य असेल तर आठवडाभर घरी ठेवायची परवानगी मागा. माझ्या दुसऱ्या प्लेअरच्या वेळी दुकानदाराने ती दिली, म्हणूनच तो परत करता आला.

आणखी एक करून बघा. रेकॉर्डची बाजू वीस-पंचवीस मिनिटांत संपायची, मग उठून ती उलटावी लागायची. सीडीवरही तेवढ्याच वेळाने थांबा, उठा, पाणी प्या, पुन्हा बसा. कानाला ती विश्रांती लागते. रिमोट कपाटात ठेवा, म्हणजे गाणी मधेच पुढे ढकलली जात नाहीत.

१०. पावसाळ्याची तयारी

आगोटीची कामं काढाल तेव्हा यादीत प्लेअरही घ्या.

चिऱ्याच्या भिंतीला ओल येते. प्लेअर भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून वर ठेवा. वर सुती कापड टाका, प्लास्टिक नको, आत ओल कोंडते. बंद काचेच्या कपाटात ठेवत असाल तर सिलिका जेल ठेवा. निळं जेल गुलाबी झालं की ओलीने भरलं. जुन्या पत्र्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळं करता येतं, पण स्वयंपाकाचा तवा त्यासाठी वापरू नका, तो रंग पोटात जाण्यासारखा नाही.

जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास तरी प्लेअर चालू ठेवा. आतल्या उष्णतेने ओल उडते आणि यंत्रणा जाम होत नाही. महिनोनमहिने बंद राहिलेलं मशीनच पहिल्यांदा बिघडतं. मुंग्या आणि पाली उबेला येतात, म्हणून मागच्या मोठ्या फटींवर बारीक जाळी लावा, पण हवेची भोकं बुजवू नका.

खाऱ्या हवेने आरसीएच्या पिनांवर थर चढतो आणि एका बाजूचा आवाज जातो. दोन-तीन महिन्यांनी पिना काढून, अल्कोहोलने पुसून, फिरवत परत बसवा. एक बाजू बंद पडली की आधी हे करा, मग दुरुस्तीवाल्याला फोन.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा जास्त. गडगडाट ऐकू आला की बटण बंद करून भागत नाही, पिनच भिंतीतून काढा. सर्ज प्रोटेक्टरचा (विजेचा अचानक झटका अडवणाऱ्या पट्टीचा) उपयोग अर्थिंग चांगलं असेल तरच होतो, तेव्हा ते इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. संध्याकाळी मल्टिमीटरने व्होल्टेज बघा. १९० च्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझर लावा.

डिस्क खोक्यात उभ्या ठेवा. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नको: गोल ओरखडा एकाच मार्गावर लांबवर जातो आणि दुरुस्तीची सोय त्याला पुरत नाही. छापील बाजूला जास्त जपा. चमकत्या बाजूला सव्वा मिलिमीटरच्या आसपास प्लास्टिक आहे, छापील बाजूला मात्र ॲल्युमिनियमवर नुसता लाखेचा पातळ थर. तिकडून ओरखडा गेला की गाणं कायमचं गेलं. सीडीच्या पुस्तिका श्रावणातल्या पहिल्या उघडिपीला बाहेर काढा आणि पडवीत सावलीला, वाऱ्यावर उभ्या करून ठेवा.